सुपरहिरो कॉमिक्समधली सगळ्यात मोठी मशीन कोणती, आणि ती मोठी दिसते कशामुळे

प्रश्न असा आहे की सुपरहिरो कॉमिक्समध्ये आजवर दाखवलेली सगळ्यात अवाढव्य वास्तू किंवा मशीन कोणती, आणि त्यातलं काही खरोखर बांधता येईल का. मी बरीच वर्षं कॉमिक्सची पानं काढतोय, आणि यंत्रं, इमारती, जहाजं असलं बॅकग्राउंडचं कामच जास्त करून माझ्याकडे येतं, त्यामुळे उत्तर चित्रकाराच्या बाजूने झुकणार हे आधीच सांगतो. आणि लांबणार पण.

पहिल्यांदा एक चाळणी लावू. बांधलेलं असलं पाहिजे. म्हणजे मार्व्हलचा ईगो बाद, कारण तो जिवंत ग्रह आहे, आणि डीसीचा मोगो पण बाद, कारण तोही ग्रहच आहे (मोगोची १९८५ ची ती छोटी गोष्ट वाचली नसेल तर जरूर वाचा). कुणीतरी डोकं लावून उभं केलेलं, ज्याला आत-बाहेर आहे, ज्याला काहीतरी काम आहे, तेवढंच धरायचं.

मग नुसत्या आकारावर उत्तर एकच, मार्व्हलचा ग्रह खाणारा महाकाय गॅलॅक्टस, त्याचं वर्ल्डशिप. त्याच्या मूळ ग्रहाचं नाव टा, म्हणून जहाजाला पुढे टा-टू असं नाव पडलं. मार्व्हलवाले त्याचं वर्णन सूर्यमालेएवढं असं करतात आणि आकार मोबियस पट्टीसारखा, म्हणजे एका बाजूने चालायला लागलात तर न वळता दुसऱ्या बाजूला पोचाल असला. आता सूर्यमालेएवढं म्हणजे किती ते जरा बघा. सूर्यापासून नेपच्यूनपर्यंत उजेडाला जायला चार तासांच्या वर लागतात, म्हणजे नेपच्यूनच्या कक्षेएवढं जहाज धरलं तर या टोकाने दिलेला हुकूम त्या टोकाला पोचायला आठ तासांच्या वर गेले. ब्रेक मारायचं ठरवलं आणि मागच्या भागाला ते एक शिफ्ट संपल्यावर कळलं. वर त्याला स्वतःचं गुरुत्वाकर्षण आहेच. आपल्या सूर्यमालेत शनीचा मिमास नावाचा चंद्र आहे, जेमतेम ४०० किलोमीटरचा, बर्फाचा, आणि तोही स्वतःच्या वजनाने जवळपास गोल झालाय. खडक किंवा लोखंड असेल तर ही मर्यादा थोडी वर सरकते एवढंच. त्यामुळे सूर्यमालेएवढी भरीव पट्टी कुठल्याही ओळखीच्या धातूची केली तर ती पट्टी राहणारच नाही, आत कोसळणार. खरोखर बांधता येईल का, या प्रश्नाचं टा-टूपुरतं उत्तर झालं.

पण मला यातली गंमत वेगळीच वाटते. हे जहाज जिथे खऱ्या अर्थाने जाणवतं ती गोष्ट म्हणजे १९६६ ची फँटास्टिक फोर, अंक ४८ ते ५०, लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी, इंकिंग (पेन्सिलच्या चित्रावर शाई चढवणं) जो सिनॉटचं. गॅलॅक्टस पृथ्वी खायला येतो, फँटास्टिक फोरच्या मुख्यालयाच्या, बॅक्स्टर बिल्डिंगच्या गच्चीवर आपलं मशीन उभारायला घेतो, आणि वॉचर नावाचा अंतराळातला निरीक्षक चौघांतल्या जॉनी स्टॉर्मला गॅलॅक्टसच्या जहाजावर पाठवतो, एक हत्यार आणायला. जॉनी परत येतो तेव्हा तो पार हादरलेला असतो, आपण मुंग्या आहोत, नुसत्या मुंग्या, असं बडबडतो. आणि हातात काय असतं? अल्टिमेट नलिफायर. मुठीत मावेल एवढी वस्तू. एवढ्या अफाट जहाजातली सगळ्यात भयानक गोष्ट एका पोराच्या हातात मावते आणि ती बघून गॅलॅक्टस घाबरतो! म्हणजे जहाज किती मोठं हे कर्बी-ली यांनी मैलांत सांगितलंच नाही, जाऊन आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर दाखवलं आणि वर एक एवढीशी डबी ठेवली.

हे एकदा लक्षात आलं ना, की मग सगळीकडे दिसायला लागतं. सुपरहिरो कॉमिक्समधल्या जवळजवळ प्रत्येक राक्षसी मशीनच्या गोष्टीत एक हातात मावणारी वस्तू किंवा एक एकटा माणूस असतो, आणि तो तिथे उगाच नसतो. त्याच्याशिवाय ते मशीन मोठं दिसत नाही आणि हिरोला पकडायला काही जागाही मिळत नाही.

वॉरवर्ल्ड घ्या. डीसी कॉमिक्स प्रेझेंट्स अंक २७, १९८०, लेन वाइन आणि जिम स्टार्लिन. ग्रहाएवढं शस्त्र, नुसत्या तोफा नि क्षेपणास्त्रं, आणि मोंगल नावाच्या खलनायकाला ते पाहिजे. तीनच वर्षांपूर्वी पडद्यावर डेथ स्टार येऊन गेला होता त्यामुळे कल्पना कुठून आली असेल यावर वाद घालण्यात अर्थ नाही, पण गोष्टीची सुरुवात बघा, ती तोफांवर नाही, एका स्फटिकाच्या चावीवर आहे. मोंगल सुपरमॅनची माणसं पळवतो ती चावी आणून घ्यायला. ग्रहाएवढं मशीन आणि भांडण चावीचं. वॉरवर्ल्ड गोल आहे हे मात्र मला तांत्रिकदृष्ट्या आवडतं. एवढ्या मापाला गोल सोडून दुसरा आकार टिकतच नाही, त्यामुळे चित्रकाराने सोप्यासाठी गोल काढला असेल तरी फिजिक्स त्याच्या बाजूने आहे.

ग्रीन लँटर्न, म्हणजे डीसीचे अंतराळातले पोलीस, त्यांच्यात तर हे थेट रचनेतच आहे. बोटात अंगठी, अंगठी चार्ज करायला हातात धरायचा कंदील, आणि त्या सगळ्यांना ऊर्जा देणारी ओआ ग्रहावरची सेंट्रल पॉवर बॅटरी, ३६०० सेक्टरमधल्या लँटर्नना पुरेल एवढी. बॅटरीचा आकार प्रत्येक चित्रकार आपापल्या मनाने काढतो, कधी चार मजली, कधी डोंगराएवढी. कुणाला काही फरक पडत नाही, कारण आपण माप अंगठीपासून घेत असतो. १९९४ च्या अंक ५० मध्ये हॅल जॉर्डन हा लँटर्न एकटाच त्या बॅटरीसमोर येतो आणि आत शिरतो, ते दृश्य लागू पडतं ते त्याच्या एकटेपणामुळे.

आता खरोखर बांधता येईल का वाल्यांचं लाडकं उदाहरण, मार्व्हलच्या शील्ड या हेरसंस्थेचं हेलिकॅरियर. स्ट्रेंज टेल्स अंक १३५, १९६५, पुन्हा कर्बीच. उडणारी विमानवाहू नौका. कल्पना वाटते तेवढी येडी नाही, १९३० च्या दशकात अमेरिकन नौदलाची अॅक्रॉन आणि मेकॉन नावाची दोन हवाई जहाजं होती जी पोटात छोटी विमानं घेऊन उडायची आणि हवेतच सोडायची-पकडायची. पण ती हेलियम भरलेली होती. हेलिकॅरियर पंख्यांवर उभं आहे, आणि तिथे हिशोब बसत नाही.

करूनच बघू, सोपा आहे. निमिट्झ वर्गाची विमानवाहू नौका साधारण १ लाख टनाची असते, लांबी ३३० मीटरच्या थोडी वर. तेवढंच वजन धरा. चार पंखे धरा, प्रत्येकाचा व्यास ५० मीटर, म्हणजे भरपूर उदार होऊन. नुसतं हवेत तरंगत राहायला पंख्यातून हवा खाली ढकलावी लागते, आणि एवढ्या वजनाला या पंख्यांतून हवेचा वेग येतो सेकंदाला २२५ मीटर, म्हणजे ताशी ८०० किलोमीटरच्या वर. खाली गेल्यावर तो झोत अजून आकसतो आणि वेग जवळपास दुप्पट व्हायला बघतो, म्हणजे आवाजाच्या वेगापलीकडे, तिथे हे साधं सूत्रही हात टेकतं. लागणारी शक्ती येते सुमारे २२० गिगावॅट. जगातला सगळ्यात मोठा वीज प्रकल्प, चीनचं थ्री गॉर्जेस धरण, त्याची क्षमता २२.५ गिगावॅट आहे. असली दहा धरणं एका जहाजात. आणि हे फक्त जागेवर थांबायला, पुढे जायचं वेगळं! शहरावर हे येऊन थांबलं तर खलनायकाची गरजच नाही, खालचं शहर झोतानेच साफ.

मग चित्रकाराने काय करायचं? मी असली उडती जहाजं काढतो तेव्हा पंख्याखाली कधीच जमीन दाखवत नाही. ढग दाखवायचे, समुद्र दाखवायचा, लांब खाली. जमीन दिसली की वाचकाच्या मनात लगेच धुळीचा प्रश्न येतो. कर्बीनंतरच्या बऱ्याच लोकांनी हेच केलंय, मुद्दाम केलं का सवयीने माहीत नाही, पण लागू पडतं.

आता माझं सगळ्यात आवडतं उदाहरण, यात आकड्यांची आणि डोळ्यांची पार फारकत होते. कर्बीचे सेलेस्टियल्स, द इटर्नल्स, १९७६. चिलखतातले अंतराळदेव, यंत्र म्हणावं की प्राणी हा वाद आहे पण मी यंत्रात धरतो कारण आपल्याला दिसतं ते चिलखतच. नेहमीची उंची सांगतात २००० फूट, म्हणजे ६१० मीटर. बुर्ज खलिफा ८२८ मीटर आहे. म्हणजे त्यांच्यातला अरिशेम बुर्ज खलिफाच्या शेजारी उभा राहिला तर त्याला वर बघावं लागेल! हे पहिल्यांदा ऐकलं की कुणालाही पटत नाही, कारण पानावर अरिशेम कुठल्याही इमारतीपेक्षा कितीतरी मोठा वाटतो. (माणसाला त्याच प्रमाणात ताणून ६१० मीटर केला तर वजन होतं ३१ लाख टनांच्या आसपास आणि पायाच्या हाडांवर दाब येतो नेहमीच्या साडेतीनशे पटीच्या घरात, त्यामुळे चालणं विसरा. देव आहेत म्हणून चाललंय.)

मग मोठा का वाटतो? कर्बीच्या पानावर नीट बघा. एक म्हणजे तो होरायझन पार खाली ठेवतो, वाचकाचा डोळा जमिनीवरच्या माणसांच्या पातळीला, त्यामुळे सगळं वर चढत जातं. दुसरं, आकृती पूर्ण पॅनलमध्ये (पानावरच्या चौकटीत) बसवतच नाही. पाय दिसतील, हात दिसेल, डोकं पॅनलच्या कडेला कापलेलं असेल. पूर्ण दिसलेली गोष्ट डोळा मोजून टाकतो, कापलेली गोष्ट मोजता येत नाही. तिसरं आणि नवीन पोरं इथेच घसरतात, तपशिलाची घनता. मोठ्या यंत्रावर मोठे मोठे नटबोल्ट काढले की ते यंत्र लगेच छोटं होतं, खेळण्याएवढं, कारण नटबोल्ट केवढा असतो हे डोळ्याला पाठ आहे. मोठं करायचं तर तपशील बारीक पाहिजे आणि सगळीकडे सारखा नको, एका कोपऱ्यात गच्च भरायचा आणि बाकीचा पृष्ठभाग मोकळा सोडायचा. कर्बी हे जाड रेषेत करायचा तरी त्याचा मोकळा भाग आणि भरलेला भाग यांचं गणित पक्कं होतं.

त्यात अजून एक गोष्ट, जी आता फारशी कुणी बोलत नाही. १९६७-६८ च्या सुमारास मार्व्हलने कागदावर मूळ चित्र काढायच्या जागेचं माप कमी केलं, साधारण साडेबारा बाय साडेअठरा इंचावरून दहा बाय पंधरा. छापलेलं पान तेवढंच राहिलं, पण काढायला जागा कमी झाली, म्हणजे छापताना आकुंचन कमी, म्हणजे बारीक तपशील पूर्वीसारखा गच्च होईना. त्यानंतरची कर्बीची पानं बघा, पॅनल कमी आणि मोठे, आकृत्या अंगावर येणाऱ्या, स्प्रेड (दोन पानांवर पसरलेलं चित्र) जास्त. सगळं श्रेय कागदाला देणार नाही मी, माणूसही बदलत होता, पण कागदाचा हात आहे. इटर्नल्समधला भव्यपणा या दुसऱ्या पद्धतीचा, फँटास्टिक फोरमधला पहिल्या पद्धतीचा. दोन्ही शेजारी ठेवून बघाल तर फरक पाच मिनिटांत कळेल.

सेलेस्टियलवरून नोव्हेअर आलंच. नोव्हाच्या मालिकेत अॅबनेट आणि लॅनिंग या जोडीने २००७ मध्ये आणलेलं ठिकाण, सेलेस्टियलचं तुटलेलं डोकं आणि त्याच्या आत अख्खी वस्ती, बाजार, आणि सुरक्षाप्रमुख म्हणून कॉस्मो नावाचा रशियन कुत्रा. कल्पना म्हणून एक नंबर. पण आता गणित करा, २००० फुटी देहाचं डोकं आठवा भाग धरलं तर होतं अडीचशे फूट. वीस-पंचवीस मजली इमारत. त्यात शहर बसत नाही, फार तर एक सोसायटी बसेल. म्हणजे एक तर हा सेलेस्टियल बाकीच्यांपेक्षा शेकडो पट मोठा होता किंवा मापं गोष्टीच्या सोयीने बदलतात. माझं मत दुसरं, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. मार्व्हलच्या हँडबुकातले आकडे नंतर बसून लिहिलेले असतात, चित्र आधी येतं. आकड्यावरून भांडणाऱ्यांनी एकदा एकाच अंकातला एकच सेंटिनेल (एक्स-मेनमधला राक्षसी यंत्रमानव) वेगवेगळ्या पॅनलमध्ये मोजून बघावा, करमणूक होईल.

सेंटिनेलचा विषय निघालाच आहे तर मास्टर मोल्ड. एक्स-मेन १५, १९६५, सेंटिनेल बनवणारा सेंटिनेल, म्हणजे कारखाना स्वतःच माणसाच्या आकाराचा. २०१९ मध्ये लेखक हिकमनने त्याची आई आणली, मदर मोल्ड, सूर्याजवळच्या स्टेशनवर. तिचा शेवट परत तोच, सूर्य मागे आणि वूल्व्हरिन आपल्या नखांनी तिचा शेवटचा आधार तोडतोय. पाठीमागे सूर्य ठेवायचा आणि पुढे मूठभर नखं, याहून मोठा फरक कागदावर दाखवता येत नाही.

द ऑथॉरिटी या सुपरहिरो टोळीचं कॅरियर विसरून चालणार नाही. १९९९, वॉरन एलिस आणि ब्रायन हिच. ५० मैल लांब, म्हणजे ८० किलोमीटर, विश्वांच्या मधल्या जागेतून फिरणारं जहाज, आणि इंजिनात काय तर पिंजऱ्यात ठेवलेलं एक तान्हं विश्व. आकाराने टा-टूसमोर हे काहीच नाही, पण पानावर जास्त खरं वाटतं, कारण हिचने आडवे, पानभर रुंद पॅनल वापरले, सिनेमाच्या पडद्यासारखे, आणि माणसं खिडकीत उभी केली. शिवाय ८० किलोमीटर म्हणजे स्वतःच्या वजनाने गोल होण्याच्या मर्यादेच्या बरंच खाली, त्यामुळे अंतराळात हा लांबट आकार टिकायला निदान गुरुत्वाकर्षणाची तरी हरकत नाही. माझ्या यादीत बांधता येईलच्या जवळ जाणारं हेच, तान्हं विश्व सोडून. जस्टिस लीगचं १९७० चं सॅटेलाइट याहून खूपच शक्य कोटीतलं, २२,३०० मैलांवर, म्हणजे आपले संपर्क उपग्रह असतात त्याच भूस्थिर कक्षेत, पण ते मोठ्यांच्या यादीत येत नाही.

कामाच्या व्याप्तीवर विचारत असाल तर १९८५ चं क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स. मॉनिटर नावाच्या विश्वरक्षकाने वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या पृथ्वींवर उभारलेले ते सोनेरी टॉवर, ट्यूनिंग फोर्कसारखे दोन शिंगांचे. एकेक टॉवर गगनचुंबी इमारतीएवढाच, पण सगळे मिळून विश्वांच्या कंपनाशी खेळणारं एकच मशीन. जॉर्ज पेरेझने ते काढताना पायाशी लढाई लावलीय, माणसांची अक्षरशः गर्दी. गर्दी काढणं हे कंटाळवाणं काम असतं, बहुतेक जण टाळतात, पेरेझ टाळायचा नाही आणि म्हणून त्याचे टॉवर उंच वाटतात.

आता उलटं टोक, जे खरं तर याच प्रश्नात येतं. सुपरमॅनचा खलनायक ब्रेनियॅक १९५८ मध्ये आला तो शहरं आकसून बाटलीत भरायला, कँडॉर हे अख्खं क्रिप्टोनियन शहर सुपरमॅनच्या किल्ल्यात बाटलीत राहिलं. त्या किल्ल्याची चावी सुरुवातीला केवढी तर विमानवाल्यांना दिशादर्शक बाण वाटावी एवढी प्रचंड, ती फक्त सुपरमॅनच उचलणार. मग २००६ च्या आसपास ऑल-स्टार सुपरमॅनमध्ये मॉरिसन आणि क्वाइटली यांनी ती साध्या चावीएवढी केली, पण ताऱ्याच्या द्रव्याची, वजन ५ लाख टन, बाहेर पायपुसण्याखाली ठेवलेली. चावीचं घनफळ १० घन सेंटिमीटर धरा, म्हणजे एका घन सेंटिमीटरला ५० हजार टन. साधारण श्वेत बटूचं (विझलेल्या ताऱ्याच्या दाट गाभ्याचं) द्रव्य घन सेंटिमीटरला टनाच्या आसपास असतं, म्हणजे ही चावी त्याहून कितीतरी दाट, पण न्यूट्रॉन ताऱ्याच्या बरीच अलीकडे. आणि मजेचा भाग, या चावीपासून ५ सेंटिमीटरवर तिचं स्वतःचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणापेक्षा जास्त भरतं. बोट जवळ नेलं तर ते चावीकडे ओढलं जाईल. खालची जमीन तर तिला एक क्षणही पेलणार नाही, पायपुसण्यासकट भोक पाडून खाली जाईल. तरी क्वाइटलीने ती काढलीय अगदी साधी, कुठलीही चमक नाही, कारण वजन चित्रात नाही, उचलणाऱ्याच्या सहजपणात आहे.

तुम्ही स्वतः काढत असाल म्हणून एक कामाची गोष्ट. आजकाल थ्रीडी मॉडेल लावून बॅकग्राउंड करतात, मीही करतो, वेळ वाचतो. पण सॉफ्टवेअर सगळीकडे सारखा तपशील देतं आणि लांबची रेषा जवळच्या रेषेएवढीच जाड ठेवतं, त्यामुळे ८० किलोमीटरचं जहाज टेबलावर ठेवल्यासारखं दिसतं. मॉडेलवरून ट्रेस करताना लांबच्या रेषा बारीक करा, निम्म्या पुसून टाका, आणि पॅनलमध्ये कुठेतरी एक माणूस घाला. अंगठ्याच्या नखाएवढा पण नको, तांदळाएवढा. आणि तो काहीतरी करत असला पाहिजे, नुसता उभा नको.

आणि वाचायला बसणार असाल तर आधी फँटास्टिक फोर ४८ ते ५०, मग इटर्नल्सचे पहिले दोन-तीन अंक, मग ऑथॉरिटी. मोबाइलवर वाचताना तो पॅनल-पॅनल झूम होणारा मोड बंद करा, कारण त्यात मुंगी आणि हत्ती दोन्ही स्क्रीनभर होतात. टॅबलेट आडवा धरा आणि डबल स्प्रेड अख्खा एकदम बघा.